पित्त उठलं नव्हतं, अडलं होतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या काढ्यांवर अर्धं पान आलं होतं. तासगावात मी २७ वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त झाले तरी सकाळी वृत्तपत्रांच्या टेबलाशी जाऊन बसायची सवय सुटलेली नाही. ते पान संध्याकाळी जागेवर नव्हतं, कुणीतरी ब्लेडने नीट कापून नेलं होतं. नोकरीत असते तर चिडले असते. या वेळी काळजी वाटली, कारण ते पान घरी नेणारी व्यक्ती माझ्यासारखी असू शकते.

मी ५९ वर्षांची आहे. मला यकृताचा आजार आहे आणि तो माझ्याच प्रतिकारशक्तीने केला आहे. दारू नाही, कावीळ ‘बी’ नाही, ‘सी’ नाही, पित्ताशयात खडा नाही. आजाराचं नाव प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, डॉक्टर पीबीसी म्हणतात. यकृतातल्या बारीक पित्तनळ्यांवर शरीराच्या संरक्षक पेशी हल्ला करतात, नळ्या हळूहळू नाहीशा होतात आणि पित्तरस वाहायचा थांबतो. मला हे कळायला सव्वादोन वर्षं लागली. त्यातला बराच काळ आपल्या भाषेतल्या दोन शब्दांनी खाल्ला असं मला वाटतं. पत्र लिहायचं कारण ते दोन शब्द.

पहिला शब्द ‘पित्त’.

ऑक्टोबर २०१८, द्राक्षबागांची छाटणी चालू होती. रात्री तळपाय खाजायला लागले. मग तळहात. दिवसा फारसं नाही, अंथरुणात पडलं की सुरू. अंगावर ना पुरळ, ना गांधी, ना लाली. खाज इतकी खोल, की नखाने वरवर खाजवून काही हाती लागायचं नाही. मी उठून स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर उघडे पाय घासत उभी राहायची. सासूबाईंनी एकदा रात्री दोन वाजता मला तसं पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, पित्त उठलंय तुझ्या अंगावर. आमसूल लाव.” आमसुलं भिजवून ते पाणी चोळलं. सोनकाव लावली. पंधरा दिवस अंगाला मातीचा रंग आणि उशीच्या अभ्र्यावर लाल डाग.

आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या तर पित्त, जेवण आंबट वर आलं तर पित्त, उन्हातून येऊन डोकं दुखलं, उलटी झाली तरी पित्तच. शाळेत शिकलेला यकृताचा हिरवट-पिवळा पित्तरस मात्र या शब्दातून कधीच आठवत नाही. त्यामुळे मी ज्याला ज्याला खाज सांगितली, त्याने त्याने ‘पित्त’ म्हटलं आणि एकानेही यकृत म्हटलं नाही. शब्द बरोबर होता. माझं पित्तच बिघडलं होतं. पण तो शब्द सगळ्यांना दुसरीकडे घेऊन गेला.

डॉक्टरांकडे गेले नाही असं नाही. आमच्या घरामागे बाग आहे. एका डॉक्टरांनी फवारणीच्या औषधांची अ‍ॅलर्जी म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी खरूज ठरवली. मग घरातल्या सहाही जणांनी मानेपासून तळव्यापर्यंत मलम लावून रात्र काढली, सगळ्या चादरी उकळत्या पाण्यात काढल्या. एकीने तर वय विचारून “पाळी जाताना असं होतं, मन गुंतवा कशात तरी” असं सांगितलं. मला कुणाचं नाव घ्यायचं नाही. सगळ्यांनी आपापल्या परीने औषध दिलं. पण दोन वर्षांत कुणीही रक्ताची यकृत तपासणी लिहून दिली नाही. आमच्याकडे ती तीन-चारशे रुपयांत होते. सोबत थकवा होता. पुस्तकांचा एक गठ्ठा खालच्या फळीवरून वर ठेवला की मी शिडीवर बसून राहायची. डोळे कोरडे, तोंड कोरडं. डाव्या पापणीच्या आतल्या कोपऱ्यात एक पिवळसर चपटी गाठ आली होती, तिच्याकडे तर मीही लक्ष दिलं नाही. पित्त अडलं की रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं आणि ते असं पापणीत साठू शकतं, हे नंतर वाचलं.

दुसरा शब्द ‘प्रतिकारशक्ती’.

२०२० चा मार्च आला. वाचनालय बंद. घरोघरी काढे उकळायला लागले. आमच्या परसात कडुलिंबावर गुळवेल चढलेली आहे आणि लिंबावरची गुळवेल सर्वांत गुणकारी असं आपण सगळेच ऐकत आलो. जाऊबाई रोज बोटभर जाडीचा तुकडा ठेचून उकळायच्या. घरातले बाकीचे आठवड्यातून दोनदा घ्यायचे. मी अशक्त, म्हणून मला रोज. प्रेमाने दिलं आणि मी विश्वासाने घेतलं, तेव्हा कुणावर दोष नाही. ऑगस्टपासून सलग तीन महिने. नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या फराळाची भाजणी करताना, पिठाच्या वासाने ढवळून आलं. लघवी मोहरीच्या तेलासारखी गडद. दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, “आई, तुझे डोळे पिवळे दिसतात.”

शेजारच्या गावात एक जण कावीळ उतरवतात. तिथेही गेले, लपवत नाही. त्यांनी हाताला काही चोळून चुन्याच्या पाण्यात धुवायला लावलं, पाणी पिवळं झालं, “उतरली” म्हणाले. माझ्यामागे रांगेत असलेल्या, कावीळ नसलेल्या पोराचंही पाणी तितकंच पिवळं झालं, ते मी पाहिलं.

मग मिरजेत तपासण्या झाल्या. कावीळ दाखवणारं बिलिरुबिन ३.१. यकृताच्या पेशींना इजा झाली की वाढणारा एसजीपीटी नेहमीच्या चौपट. आणि अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचा, पित्त अडलं की वाढणारा एक आकडा, जो साधारण १२० च्या आत असायला हवा, तो ६१२. सोनोग्राफीत मोठी पित्तनळी मोकळी, खडा नाही, गाठ नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी त्या ६१२ वर पेनने गोल केला आणि पुण्याला पाठवलं. त्या गोलाबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे.

जानेवारी २०२१ मध्ये पुण्यात एएमए, म्हणजे आपल्याच पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी झाली. ती ठळक पॉझिटिव्ह आली. एसजीपीटीही वाढलेला होता, म्हणून यकृताचा बारीक तुकडा काढून तपासला. अहवालातलं वाक्य मला पाठ आहे. पित्तनळ्यांभोवती लिम्फोसाइट या संरक्षक पेशींची गर्दी, काही ठिकाणी नळ्याच शिल्लक नाहीत.

बागायतदारांच्या गावातली असल्यामुळे मला हे ठिबकावरून कळलं. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पित्तरस बनवतं. तो आधी पेशींमधल्या फटींत उतरतो, तिथून केसाच्या जाडीच्या नळ्यांत, मग मोठ्या नळीत आणि शेवटी आतड्यात. ठिबकाच्या उलटा प्रवास, बारीककडून मोठ्याकडे, पण जाळं तसंच. सोनोग्राफीत मुख्य लाइन दिसते. ती मोकळी होती. बुजल्या होत्या त्या लॅटरल, म्हणजे बारीक नळ्या.

आणि त्या गाळाने बुजलेल्या नव्हत्या. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे बारीक घटक असतात. त्यांच्यातल्या एका प्रथिनाला माझी प्रतिकारयंत्रणा परकं समजते. ते प्रथिन साऱ्या शरीरात असताना मार फक्त पित्तनळ्यांनाच का, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला होता. या नळ्यांच्या अस्तराच्या पेशी मरतात तेव्हा ते प्रथिन मोडून न जाता जसंच्या तसं उघडं पडतं आणि पहारेकऱ्यांच्या नजरेत येतं. शिवाय पित्त म्हणजे जवळपास साबणच. स्निग्ध पदार्थ विरघळवणं हेच त्याचं काम. निरोगी नळीच्या आतल्या बाजूला बायकार्बोनेटचा एक थर छत्रीसारखा असतो, तो अस्तराला या साबणापासून वाचवतो. पीबीसीत ही छत्रीच विरते. बाहेरून लिम्फोसाइट, आतून पित्त. मधली नळी किती टिकणार?

खरा धक्का मला पुढचा होता. मला वाटायचं, प्रतिकारयंत्रणेने नळी बिघडवली, पित्त अडलं, संपलं. पण अडलेलं पित्त गप्प बसत नाही. ते यकृताच्या पेशींत साठलं की त्या पेशी धोक्याचे रासायनिक इशारे सोडतात आणि त्या हाकेवर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या जेम्स बॉयर यांच्या गटाने २०१७ साली हे नीट मांडलं. म्हणजे पित्त अडल्याने नुकसान होतं त्यातला मोठा भाग पुन्हा आपल्याच संरक्षक पेशींचा. ही दुहेरी वाट आहे. प्रतिकारयंत्रणा पित्त अडवते आणि अडलेलं पित्त प्रतिकारयंत्रणेला बोलावून आणतं.

नळी शाबूत असतानाही हे होऊ शकतं. माझ्या सासऱ्यांना न्यूमोनियाने दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा पाचव्या दिवशी त्यांचे डोळे पिवळे झाले. आम्ही घाबरून गेलो, फुप्फुसाच्या आजारात कावीळ कुठून आली? सोनोग्राफीत काही नव्हतं. मोठ्या जंतुसंसर्गात संरक्षक पेशी जी रसायनं सोडतात, त्यांच्यामुळे यकृताच्या पेशींमधले पित्त बाहेर ढकलणारे पंप मंदावतात, हे मला दहा वर्षांनी माझ्या आजारामुळे कळलं. न्यूमोनिया बरा झाला तसा पिवळेपणा आपोआप गेला होता.

एएमएचा शोध जुना आहे. १९६५ साली लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि शीला शरलॉक यांच्या गटाने या आजाराच्या रुग्णांच्या रक्तात मायटोकॉन्ड्रियाविरुद्धची प्रतिपिंडं असतात हे दाखवलं. शंभरातल्या नव्वदहून अधिक रुग्णांत ती सापडतात. रुग्णांत बायकाच फार, दहांतल्या जवळपास नऊ, आणि वय बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या पुढचं. म्हणजे ज्या वयात बाईच्या थकव्याला घरात आणि दवाखान्यात सगळ्यात कमी वजन असतं, नेमकं ते.

पूर्वी या आजाराच्या नावात सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी निबर होणं, हा शब्द होता. बहुतेक रुग्णांना निदानाच्या वेळी सिरॉसिस नसतं, आणि तो शब्द ऐकला की लोक दारूच समजतात. रुग्णांनीच मागणी लावून धरली आणि २०१५ साली नाव बदललं. हे वाचलं त्या दिवशी मी रडले. कारण माझ्या पहिल्या कागदावर एका जुन्या सवयीच्या लिपिकाने सिरॉसिसच टाइप केलं होतं आणि तो कागद हातात घेऊन विमा कार्यालयातल्या माणसाने माझ्या नवऱ्याकडे वळून विचारलं होतं, “मॅडम घेतात का?”

आता काढ्याबद्दल, कारण या पत्राला उत्तरं येतील ती त्यावरच येतील. मी आयुर्वेदाविरुद्ध लिहीत नाही. सर्दीला मी अजून गवती चहा आणि आलं घेते. गुळवेलीने मला पीबीसी झाला असंही म्हणत नाही, खाज दोन वर्षं आधीपासून होती. पण ज्या दिवशी गुळवेल थांबवली, त्यानंतर सहा आठवड्यांत एसजीपीटी जवळजवळ जागेवर आला आणि अल्कलाइन फॉस्फेटेज मात्र तसाच राहिला. डॉक्टरांनी कागदावर ‘काढ्यामुळे झालेली यकृताची इजा संभाव्य’ असं लिहिलं, मूळ आजार वेगळा लिहिला.

मी एकटी नव्हते. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईत डॉ. आभा नागराळ आणि सहकाऱ्यांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले ६ रुग्ण नोंदवले, ते २०२१ साली प्रसिद्ध झालं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, गुळवेल सुरक्षित असल्याचं सांगितलं. दुसऱ्याच सारख्या दिसणाऱ्या वेलीशी गल्लत होऊ शकते, असंही मंत्रालयाने म्हटलं. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांचा अभ्यास आला. या रुग्णांतल्या बऱ्याच जणांच्या यकृतावर स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेच्या हल्ल्यासारख्या खुणा होत्या आणि काहींना थायरॉइडसारखे आजार आधीपासून होते. लाखो लोकांनी काढा घेतला, त्यांना काही झालं नाही, हे खरंच आहे. पण प्रतिकारयंत्रणेला उद्युक्त करणं हाच ज्या वेलीचा गुण म्हणून सांगितला जातो, ती ज्याची यंत्रणा आधीच घरच्यांवर उठली आहे त्याला रोज का द्यायची?

इथे तो दुसरा शब्द आडवा येतो. प्रतिकारशक्ती म्हटलं की ती शक्ती. शक्ती कमी असेल तर वाईट, जास्त तितकी चांगली. ती चुकू शकते, ती कुणाला ओळखते आणि कुणाला ओळखत नाही हा तिचा मुख्य प्रश्न आहे, हे त्या शब्दात मावत नाही. म्हणून मी वर शक्य तिथे प्रतिकारयंत्रणा लिहिलं. आपल्या उपसंपादकांनी हा शब्द वापरून पाहावा. यंत्रणा म्हटलं की ती बिघडू शकते हे वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही.

माझ्यावरचा उपचारही या समजुतीला धरून नाही. मला प्रतिकारयंत्रणा वाढवणारं काही देत नाहीत आणि दाबणारंही काही देत नाहीत. स्टेरॉइडसारखी दाबणारी औषधं या आजारात फारशी कामाला आली नाहीत. मला देतात ते पित्तच. अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड, हे एक सौम्य पित्ताम्ल. अस्वलाच्या पित्तात ते भरपूर असतं, नावातला ‘अर्सो’ लॅटिनमधल्या अस्वलावरून आला. ते उग्र पित्ताम्लांची जागा घेतं आणि प्रवाह वाढवतं. दर किलो वजनाला १३ ते १५ मिलिग्रॅम असा हिशेब. माझं वजन ५६, म्हणून २५० च्या तीन गोळ्या, रोज, जन्मभर. वर्षभरात माझा ६१२ चा आकडा १७८ वर आला. ज्यांना एवढ्याने भागत नाही त्यांच्यासाठी २०२४ साली अमेरिकेत एलाफिब्रॅनोर आणि सेलाडेल्पार या दोन औषधांना मान्यता मिळाली.

अर्सोने खाज जाते असं नाही. माझ्या खाजेसाठी रिफाम्पिसिन दिलं. ते क्षयाचं औषध म्हणून माहीत असल्यामुळे औषधाच्या दुकानात मोठ्याने प्रश्न आला, “घरात टीबी कुणाला?” आठ दिवसांत गल्लीत पाणी प्यायचे पेले वेगळे झाले. शेजारणीला मी घरी बोलावून, चहा देऊन, चिठ्ठी दाखवून समजावलं. पण पहिल्यांदा सलग पाच तास झोप लागली ती त्याच गोळीने.

लहान बाळांबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती थांबू शकत नाही. नवजात बाळांत बिलिअरी अट्रेझिया नावाच्या आजारात यकृताबाहेरच्या पित्तनळ्या सुजून बंद होतात आणि त्यातही प्रतिकारयंत्रणेचा हात असल्याचे बरेच पुरावे आहेत. बाळ दोन आठवड्यांनंतरही पिवळं आणि शी पांढुरकी, भिजवलेल्या खडूसारखी, असेल तर कोवळ्या उन्हात धरून वाट पाहू नये. जपानच्या मोरिओ कासाई यांच्या नावाची शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाली तर यश जास्त मिळतं. दुपटं धुणाऱ्या आजीला हा रंग सगळ्यांच्या आधी दिसतो.

आपल्याकडे माझं मागणं छोटं आहे. काढ्यांचे लेख छापू नका असं मी म्हणणार नाही, वाचनालयात वाढलेल्या बाईच्या तोंडी ते शोभत नाही. पण पुढचा असा लेख येईल तेव्हा त्याच पानावर, ब्लेडने कापलं तरी सोबत जाईल अशा जागी, एक चौकट टाका. मजकूर मी लिहून देते, आमच्या डॉक्टरांना दाखवून घेतला आहे:

‘यकृताचा आजार, थायरॉइड, संधिवात किंवा प्रतिकारयंत्रणेचा कोणताही आजार असलेल्यांनी हे काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. काढा सुरू असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले किंवा मळमळ राहिली तर काढा त्याच दिवशी बंद करून रक्त तपासावं. पुरळ नसताना तळहात-तळपायांना रात्री खाज येत असेल आणि ती तीन-चार आठवडे थांबत नसेल, तर यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी व त्यात अल्कलाइन फॉस्फेटेजचा आकडा आहे ना ते पाहावं. तो वाढलेला असेल तर डॉक्टरांना एएमएबद्दल विचारावं.’

चौकटीला जागा कमी पडली तर पहिली दोन वाक्यं लहान करा. खाजेचं वाक्य तेवढं पूर्ण ठेवा.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल
तासगाव, जि. सांगली